वाचकांचे प्रश्न : हा तोरा कोणाच्या जोरावर?

दुसऱ्या बायकांना हलके लेखणाऱ्या, कथा-कादंबऱ्यांतील आणि नाटकांतील स्त्रियांविषयी या वेळी इतकी पत्रे आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर टाकून ही पत्रे एकत्रच घेते आहे. जागेअभावी पत्रांतील मजकूर थोडा आटोपता केला आहे.

प्रश्न : नाटक असो, कादंबरी असो की संध्याकाळची मालिका, बाईला कमी लेखणारी बाईच दाखवलेली असते. सासू सुनेला, जाऊ जावेला, श्रीमंत नणंद गरीब भावजयीला. 'बाईच बाईची वैरीण' हे ठसवण्यासाठी पुरुष लेखकांनी हे सारे रचले आहे, असे माझी मैत्रीण म्हणते. आपल्याला काय वाटते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या मैत्रिणीचा संशय निराधार नाही, परंतु तो सगळीकडे पुरा पडत नाही. श्रावणातल्या कहाण्या पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच बायकांना सांगितल्या. त्यांतील शिवामुठीची कहाणी आठवून पाहा. राजाला चार सुना. तीन आवडत्या आणि एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टे, नेसायला जाडेभरडे आणि राहायला गुरांचे बेडे. ती नागकन्या-देवकन्यांबरोबर देवळात जाते, शिवामुठीचा वसा घेते, आणि वसा वाहताना जे मागणे मागते त्यात सासू-सासरे, दीर, नणंदा-जावा आणि भ्रतार अशी सगळ्यांची नावे घेऊन 'नावडती आहे ती आवडती कर' एवढेच म्हणते. जावांना शिक्षा व्हावी असे ती कोठेही मागत नाही. शेवटी देऊळ सोन्याचे होते, राजाला सुनेमुळे देव दिसतो आणि तिला पालखीत घालून घरी आणले जाते.

ती मुळात नावडती का झाली, हे कहाणी सांगत नाही. मात्र आवड ही राजाची आहे आणि ती फिरली की गोठ्यातली सून एका दिवसात पालखीत बसते, हे कहाणीला पक्के ठाऊक आहे. बाकीच्या तिघींचा तोरा त्या आवडीवरच उभा होता. म्हणून लेखक पुरुष आहे की स्त्री, या प्रश्नाला मी दुसरे स्थान देते. जिच्या तोंडी तुच्छतेचे शब्द आहेत ती ते कोणाच्या जोरावर बोलते आहे, हे लिहिणाऱ्याने दाखवले आहे की झाकून ठेवले आहे, हे मी आधी पाहते. आपण उल्लेख केलेल्या मालिकांत ते बहुधा झाकलेले असते. भरजरी साडीतली सासू दिवाणखान्याच्या मध्यभागी उभी राहून सुनेची लायकी काढते आणि घरातले पुरुष मागे ओळीने उभे राहून केवळ माना वळवतात. घर कोणाच्या नावावर आहे आणि दुकानाचा गल्ला कोण मोजतो, हे शेकडो भाग पाहूनही आपल्याला कळत नाही.

प्रश्न : आमच्या हौशी संस्थेने या वर्षी विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' बसवायला घेतले आहे आणि मिसेस काशीकरांची भूमिका माझ्याकडे आली आहे. दिग्दर्शकांचे म्हणणे आहे की तिला सरळ दुष्ट करावे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाही. 'सखाराम बाइंडर'मधील लक्ष्मीशी तिची तुलना करता येईल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपल्याला न पटण्याचे कारण नाटकातच आहे. १९६७ सालचे हे नाटक ज्यांनी पाहिलेले किंवा वाचलेले नाही अशा वाचकांसाठी एवढे सांगते की, अभिरूप न्यायालयाचे प्रयोग करणारी मुंबईची एक हौशी मंडळी गावी प्रयोगासाठी आलेली आहे, आणि वेळ घालवण्यासाठी मांडलेल्या खोट्या खटल्यात लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. खेळ हळूहळू खरा होत जातो. ज्या प्राध्यापक दामल्यांमुळे तिला दिवस गेले आहेत ते त्या दिवशी तेथे नाहीतच. न्यायाधीश आहेत मिस्टर काशीकर, आणि साक्षीदारांत त्यांच्या पत्नी.

आता पहिल्या अंकात मिसेस काशीकरांना काय वागणूक मिळते ते नीट वाचा. नवरा तिला हौसेने गजरा घेऊन देतो आणि लगेच चारचौघांत तिचे बोलणे तोडतो. तिने मत दिले की ते खोडायचे, मध्ये बोलली की गप्प करायचे. त्यांना मूल नाही. बाळू रोकडेला त्यांनी सांभाळले, शिकवले, आणि तोही अंग चोरून वावरणारा निघाला. अशा बाईला खटल्यात प्रथमच साक्षीदाराचा पिंजरा मिळतो आणि सगळे तिचे बोलणे ऐकून घेतात. बेणारे मोठ्याने हसते, गाते, पुरुषांत मोकळेपणी वावरते, प्रयोग संपल्यावर घरी सोडायला नेमके दामल्यांनाच सांगते, असे ती मन लावून सांगत जाते. लग्नाशिवायच सगळे मिळत असेल तर लग्नाची जबाबदारी घेईल कोण, हा तिचा मुद्दा. ही साक्ष म्हणताना आपल्या आवाजात विषापेक्षा आनंद यायला हवा, असे मला वाटते. आपण बोलतो आहोत आणि नवरा अडवत नाही, हा तो आनंद आहे. पुढे न्यायाधीशांच्या आज्ञेवरून बेणारेला हाताला धरून पिंजऱ्यात ओढून नेण्याचे काम तिच्याकडेच येते. बाईला हात लावायला बाई हवी, हे त्या सभ्य पुरुषांना सोयीचे आहे, आणि तेंडुलकरांनी ते किती सहज लिहून टाकले आहे ते पाहण्यासारखे आहे.

बेणारेबद्दल तिला सर्वांत जास्त काय सलते असेल? चारित्र्य हे वरवरचे कारण झाले. बेणारे स्वतःच्या पगारावर जगते. मिसेस काशीकरांना गजरासुद्धा कोणी तरी घेऊन द्यावा लागतो. ती साक्ष देते तेव्हा एका अर्थी आपण मोजलेल्या किमतीची पावती मागत असते: मी एवढे गप्प राहून जे मिळवले ते या बाईला गप्प न राहता कसे मिळते? आपल्या दिग्दर्शकांना हे वाचून दाखवावे. दुष्टपणा वेगळा आणावा लागणार नाही.

लक्ष्मीची गोष्ट अधिक अवघड आहे. 'सखाराम बाइंडर' १९७२ साली रंगभूमीवर आले तेव्हा त्यावरून जो गदारोळ झाला तो बहुतेक सखारामच्या भाषेवरून आणि चंपाच्या वागण्यावरून. लक्ष्मीवर कोणाचा फारसा आक्षेप नव्हता, आणि याच गोष्टीची मला आजही गंमत वाटते. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा सखाराम, त्याने आणलेली देवभोळी, मुंगळ्याशी बोलणारी लक्ष्मी, आणि तिच्यामागून आलेली, नवऱ्याला स्वतःच सोडून निघालेली चंपा. घालवून दिलेली लक्ष्मी निराधार होऊन परत येते तेव्हा तिला घरात ठेवून घेण्यासाठी सखारामला राजी करते ती चंपा. लक्ष्मी राहते, घरकाम करते, सखारामच्या नावाचे मंगळसूत्र मनोमन बांधते, आणि चंपाला पापी ठरवते. सखाराम तिला पुन्हा हाकलू लागतो तेव्हा सखारामचा मित्र दाऊद याच्याशी चंपाचे असलेले संबंध ती त्याला सांगून टाकते. चंपाचा गळा दाबला जातो आणि प्रेत पुरण्यासाठी धीर देते ती लक्ष्मीच. देव आपल्या बाजूला आहे याची तिला खात्री असते.

दोघींची तुलना करायची तर एक फरक ध्यानात ठेवावा. मिसेस काशीकरांना गमवायचे काही नाही. खटला संपला की त्या नवऱ्याबरोबर घरी जाणार. लक्ष्मीच्या पायाखाली मात्र एका खोलीची जमीन तेवढी आहे आणि तीही सखारामच्या मर्जीची. तिची तुच्छता भीतीतून आलेली आहे, म्हणून ती जीव घेऊ शकते. भीतीमुळे तिचा गुन्हा हलका होतो असे मात्र मी म्हणणार नाही. चंपाही त्याच खोलीत राहत होती आणि तिने दार उघडले होते.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी इंग्रजी कादंबऱ्या फार वाचते. त्यांतल्या पुष्कळ नायिका 'मी इतर मुलींसारखी नाही' असे सांगणाऱ्या असतात. नटणाऱ्या, लाजणाऱ्या, लग्नाचा विचार करणाऱ्या मुली त्यांना मूर्ख वाटतात. आता मुलगीही वर्गातल्या मैत्रिणींबद्दल तसेच बोलू लागली आहे. ही नव्या काळातली रीत समजावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : रीत मुळीच नवी नाही. जेन ऑस्टिनच्या १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये या प्रकाराची उलटतपासणी होऊन गेली आहे. आपल्या मुलीला ती कादंबरी आवडण्याचा संभव आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

एलिझाबेथ बेनेट आजारी बहिणीला भेटायला तीन मैल चिखलातून चालत नेदरफील्डला, म्हणजे श्रीमंत बिंग्लींच्या घरी जाते. ती खोलीबाहेर पडताच घरातल्या बायका तिचा चिखलाने माखलेला परकर, विस्कटलेले केस आणि लंडनच्या व्यापारी वस्तीत राहणारा मामा यांवर तुटून पडतात. त्यांत आघाडीवर असते कॅरोलाइन बिंग्ली. आणि हीच कॅरोलाइन, जिच्या मनात भरलेला तो श्रीमंत पाहुणा मिस्टर डार्सी, त्याच्या देखत एलिझाबेथवर असा ठपका ठेवते की, स्वतःच्या जातीला म्हणजे बायकांना कमी लेखून पुरुषांच्या नजरेत भरू पाहणाऱ्या मुलींपैकी ती एक आहे, आणि ही युक्ती फार हलकी आहे. दुसऱ्या बाईला कमी लेखून पुरुषाच्या नजरेत भरण्याची तीच युक्ती कॅरोलाइन त्या वाक्यानेच करत असते. डार्सीच्या ते ध्यानात येते. पुरुषांना वश करण्यासाठी बायका ज्या युक्त्या वापरतात त्या सगळ्यांतच हलकेपणा असतो, असे तो थंडपणे उत्तर देतो आणि कॅरोलाइनला तो विषय पुढे नेण्यात रस उरत नाही. 'इतर मुलींसारखी नाही' हा आरोप आणि ती फुशारकी एकाच तोंडातून कशी येते, याचा इतका नेटका नमुना मला दुसरा आठवत नाही.

कॅरोलाइनचा जोरही ऑस्टिन लपवत नाही. तिच्याकडे वीस हजार पौंड आहेत आणि ते तिच्या घराण्याने व्यापारातून मिळवलेले आहेत. बिंग्ली बहिणींना आपले घराणे प्रतिष्ठित असल्याचे सदैव आठवते आणि पैसा व्यापारातला असल्याचे तितकेसे आठवत नाही, असा एक बारीक चिमटा लेखिकेने सुरुवातीलाच काढून ठेवला आहे. व्यापारी मामाला हसणाऱ्या मुलीचा पैसा व्यापाराचा आहे, हे वाचकाने लक्षात ठेवायचे.

परंतु मुलीशी बोलताना कॅरोलाइनवर थांबू नका, कारण तिला नावे ठेवणे सोपे आहे. शार्लट ल्यूकसपाशी या. शार्लट सत्तावीस वर्षांची, रूप बेताचे, पैसा नाही. एलिझाबेथने नाकारलेल्या, बडबड्या आणि लाचार मिस्टर कॉलिन्सशी ती लग्न करते, कारण तिला स्वतःचे घर हवे आहे. एलिझाबेथला धक्का बसतो. मैत्रिणीने स्वतःला इतके खाली आणावे हे तिला सहन होत नाही. येथे तुच्छ लेखणारी व्यक्ती आपली लाडकी नायिका आहे, आणि वाचकही तिच्या बाजूनेच नाक मुरडतो. वास्तविक एलिझाबेथच्या वडिलांची मिळकत पुरुष वारसाकडे, म्हणजे याच कॉलिन्सकडे जायची आहे, आणि बाप गेल्यावर पाच बहिणी उघड्यावर पडण्याची भीती तिलाही आहे. पुढे ती शार्लटच्या घरी राहायला जाते तेव्हा तिला दिसते की शार्लटने बसण्यासाठी मागच्या बाजूची, फारशी चांगली नसलेली खोली निवडली आहे. प्रथम तिला याचे नवल वाटते, मग कारण कळते: पुढची प्रशस्त खोली बायकांनी घेतली असती तर नवरा सारखा तेथेच येऊन बसला असता. शार्लटने घर मिळवले आणि त्या घरात स्वतःचा कोपराही राखला. मुलीला विचारा की ही शार्लट मूर्ख आहे का. उत्तर काय येते ते मला कळवावे.

प्रश्न : दुसऱ्या बाईचा अपमान करणारी नायिका वाचकाच्या मनातून उतरत नाही, असे एखादे उदाहरण आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जेन ऑस्टिनचीच एमा, त्याच नावाच्या कादंबरीची श्रीमंत नायिका. बॉक्स हिलच्या सहलीत एक खेळ ठरतो: प्रत्येकाने एक अतिशय चतुर गोष्ट सांगावी, नाही तर दोन बऱ्या किंवा तीन अगदी कंटाळवाण्या. गरीब, अविवाहित, अखंड बोलणाऱ्या मिस बेट्स हसून म्हणतात की तीन कंटाळवाण्या गोष्टी तर मी तोंड उघडताच सांगेन. एमाला राहवत नाही. अडचण एवढीच की एका वेळी फक्त तीन सांगायच्या आहेत, असे ती म्हणते. मिस बेट्सना ते जरा उशिराने समजते आणि त्या रागावत नाहीत. वाचकाला लागते ते हेच. नंतर एमाच्या घरचा जुना स्नेही नाइटली तिला सुनावतो की ती बाई तुझ्या बरोबरीची असती तर गोष्ट वेगळी होती. ती गरीब आहे आणि म्हातारपणी आणखी गरीब होणार आहे. नायिकेचे डोळे उघडायला पुरुषच का लागावा, ही माझी त्या प्रसंगाविषयीची जुनी तक्रार आहे. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मिस बेट्सच्या घरी एमा आपल्या पायांनी जाते, आणि तेथूनच आपण तिला क्षमा करू लागतो.

याच कादंबरीत एमा आधी एकदा म्हणून गेलेली असते की अविवाहित बाईची अवहेलना होते ती केवळ गरिबीमुळे. पैसा असेल तर तिला कोणी हसणार नाही. तीस हजार पौंडांची मालकीण तसे म्हणू शकते. वरच्या उत्तरातल्या बेणारेजवळ पगार होता आणि तरीही तिला पिंजऱ्यात उभे केले गेले, म्हणजे एमाचा हिशोब मुंबईच्या मध्यमवर्गात चुकला.

प्रश्न : या विषयावर लिहिताना आपण नेहमी सासू-सून आणि श्रीमंत-गरीब यांच्यापुढे जात नाही. वाड्यातल्या बाईने वस्तीतल्या बाईला जे तुच्छ लेखले ते कोणत्या मराठी कादंबरीत आले आहे? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : आपला रोख योग्य आहे. आपल्या मध्यमवर्गीय कादंबरीने वाड्याच्या आतल्या बायकांची एकमेकींतली उणीदुणी बारकाईने लिहिली, पण मागच्या दारी आलेल्या बाईशी त्याच बायका कशा बोलत हे लिहिण्याची तिला क्वचितच गरज वाटली. त्यासाठी कल्पित वाङ्मय सोडून आत्मकथनाकडे जावे लागते. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. सरपणाची मोळी विकायला गेलेल्या महार स्त्रीला ब्राह्मणाच्या घरची बाई दुरूनच बजावते की काटक्यांत तुझा केस किंवा लुगड्याचा धागा अडकलेला नाही ना ते नीट पाहा, नाही तर आमचे घर बाटेल. डोक्यावरून ओझे वाहून आणलेली बाई मग एकेक काटकी तपासत बसते. घराबाहेर जिला कोणी विचारत नसे अशा त्या घरच्या बाईला हुकूम सोडण्याचा हा एक अधिकार जातीने दिला होता आणि तिने तो वापरला.

बेबीताई तेथे थांबत नाहीत, म्हणून ते पुस्तक मोठे. महारवाड्यातल्या सासवांनी कोवळ्या सुनांचा जो छळ केला तोही त्या तितक्याच उघडपणे लिहितात, आणि सगळीकडून तुडवल्या गेलेल्या बाईला आपल्या खाली कोणी असेल तर ती फक्त सून होती, हे दाखवून देतात. हे पुस्तक त्यांनी अनेक वर्षे नवऱ्यापासून लपवून लिहिले होते.

कल्पित उदाहरणच हवे असेल तर तेंडुलकरांचे १९८१ चे 'कमला' पाहा. पत्रकार जयसिंग जाधव बायकांच्या बाजाराची बातमी सिद्ध करण्यासाठी अडीचशे रुपयांना विकत घेतलेली आदिवासी बाई दिल्लीच्या घरी आणतो. सुशिक्षित पत्नी सरिता तिच्याकडे दयेने पाहत असते, आणि कमला तिला निरागसपणे विचारते की तुम्हाला केवढ्याला घेतले. दयेतही वरून पाहणे असते, हे सरितेला त्या एका प्रश्नाने कळते.

प्रश्न : मी एक कथा लिहीत आहे. थोरली जाऊ धाकटीला तिच्या माहेरच्या गरिबीवरून सतत टोचून बोलते. ज्यांनी वाचली त्यांना थोरली एकरंगी वाटली. तिला एखादे जुने दुःख द्यावे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दुःख देऊ नये. मागच्या आयुष्यातले एखादे दुःख अंगावर टाकले की वाचक तिला लगेच माफ करून मोकळा होतो आणि कथा सैल पडते. त्याऐवजी तिचा दिवस लिहा. घरखर्चाचे पैसे तिच्या हातात येतात की तिला मागावे लागतात, कोठीची किल्ली कोणाकडे असते, तिच्या माहेराहून आलेला पाहुणा ओटीवर बसतो की आत येतो, हे ठरवा. तिच्या माहेराची स्थिती धाकटीच्या माहेराहून फार वेगळी नसेल तर अधिकच बरे.

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्याची. कॅरोलाइनचे टोमणे डार्सीच्या कानी पडावेत म्हणून असतात आणि मिसेस काशीकरांची साक्ष नवरा न्यायाधीश असलेल्या कोर्टात होते. आपल्या मसुद्यात टोमणा मारताना दोघी जावा स्वयंपाकघरात एकट्याच आहेत. पडवीत सासरे किंवा थोरला दीर ऐकत बसलेला असू द्या. मग रात्री पाने वाढल्यावर त्याने धाकटीच्या हातची आमटी पुन्हा मागून घेतली, तर थोरली वाढायला स्वतः उठते की बसूनच राहते, ते आधी लिहून पाहा आणि टोमण्याचे वाक्य त्यानंतर ठरवा.